केशिराजबास आणि 'निरूपण' शब्दाचा अर्थ

आपल्या पंथात धर्मकथनास 'निरूपण' म्हणण्याची परिपाटी आहे. प्रवचन, व्याख्यान हे शब्द आपल्याकडेही आता रुळले आहेत. परंतु सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंच्या उपदेशाला लीळाचरित्रात जो शब्द लागला तो निरूपण हाच होय. 'नि' हा उपसर्ग व 'रूप्' हा धातू यांपासून तो संस्कृतात सिद्ध झाला. न्याहाळून पाहणे, पाहून निश्चय करणे आणि निश्चित झालेले रूप दुसऱ्यास दाखविणे असा त्याच्या अर्थाचा क्रम आहे. प्रवचनातील 'वच्' धातू बोलण्याचा आहे. निरूपणात आधी पाहणे आहे. हा भेद ज्यांच्या चरित्रात मूर्त झाला, ते श्रीनागदेवाचार्यांचे शिष्य पंडित केशिराजबास ऊर्फ केसोबास होत.

केशिराजबास संस्कृतात व्युत्पन्न होते. त्यांचे रत्नमालास्तोत्र त्याच भाषेत आहे. श्रीचक्रधरप्रभूंच्या उत्तरापंथगमनानंतर आचार्य मार्गाचे धुरीण झाले, तेव्हा पंडित शिष्य त्यांना संस्कृतातून प्रश्न विचारू लागले. स्वामींनी आपल्याला मराठीतच निरूपिले आहे, तेव्हा मराठीतच पुसावे, असे आचार्यांनी त्यांना सांगितल्याचे स्मृतिस्थळात नमूद आहे. पुढे केशिराजबासांनी संस्कृत ग्रंथरचनेचा विचार केला, तेव्हाही आचार्यांनी त्यांना निवारिले. त्यामुळे मार्गातील वृद्ध बाया ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण होते. विद्वत्तेचे भूषण ज्या भाषेत होते तिचाच मोह आवरणे पंडिताला सोपे नसते. केशिराजबासांनी तो आवरला.

मग म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळांतून त्यांनी स्वामींची वचने वेचली. तोच सूत्रपाठ. प्रसंगापासून वचन वेगळे झाले की अर्थ निसटण्याचे भय असते, म्हणून उत्तरकालीन आचार्यांनी 'प्रकरणवश' रचून सूत्रासूत्राचा प्रसंग नोंदविला.

दृष्टांतपाठात तर निरूपणाची शिस्त डोळ्यांना दिसते. ११४ दृष्टांत, प्रत्येकात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक असे तीन भाग. पहिले दोन स्वामींचे, तिसरा केशिराजबासांचा. जन्मांध हत्ती चाचपतात आणि ज्याच्या हाती जो अवयव येतो त्यालाच तो हत्ती समजतो, हा दृष्टांत सर्वांच्या परिचयाचा आहे. तो सांगून झाल्यावर दार्ष्टांतिक त्याला सिद्धांताशी जोडून देते. स्वामींचे कोठवर आणि आपले कोठून, हे केशिराजबासांनी वाचकापासून लपविले नाही. सूत्र कोणते आणि स्वतःची पुस्ती कोणती हे श्रोत्याला कळूच न देणारे वक्ते आज पुष्कळ भेटतात. त्यांच्या भाषणास खुशाल व्याख्यान म्हणावे.

याच केशिराजबासांनी 'मूर्तिप्रकाश' हा ग्रंथ ओवीत रचला. त्यात वर्णन आहे ते श्रीचक्रधरप्रभूंच्या मूर्तीचे, आणि भाषा आहे मराठी.