बेंजामिन मीक

बेंजामिन एफ. मीक (१८१६–१९०१) हे अमेरिकेतील केंटकी राज्याचे घड्याळकार आणि मासेमारीच्या रिळांचे निर्माते होते. ‘केंटकी रीळ’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या हस्तनिर्मित रिळांच्या प्रमुख कारागिरांत त्यांची गणना होते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केंटकीतील पॅरिस या गावचे घड्याळकार जॉर्ज स्नायडर यांनी दातेरी चाकांचे रीळ बनवले. ब्लॅक बास हा मासा पकडण्यासाठी लहान जिवंत मासा आमिष म्हणून दूर फेकत. त्यासाठी हलक्या ओढीनेही मोकळी फिरणारी आणि दोर झटपट गुंडाळणारी फिरकी आवश्यक होती. घड्याळकारांच्या कौशल्याने ही गरज भागवली.

जीवन

बेंजामिन यांचे थोरले बंधू जोनाथन हे फ्रँकफर्ट या राज्याच्या राजधानीत घड्याळकार होते. न्यायाधीश मेसन ब्राउन यांच्या मागणीवरून त्यांनी १८३० च्या दशकात स्नायडर यांच्या धर्तीचे रीळ तयार केले. पुढे दोघे बंधू भागीदारीत रिळे बनवू लागले. त्यांच्याकडे उमेदवारी केलेले बेंजामिन मिलम हे नंतर भागीदार झाले व कालांतराने त्यांनी फ्रँकफर्टमध्येच स्वतंत्र व्यवसाय केला. मीक १८८० च्या दशकात लुईव्हिल येथे गेले आणि मुलांसह ‘बी. एफ. मीक अँड सन्स’ या नावाने रिळे बनवू लागले. त्यांच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये हा व्यवसाय कनेक्टिकट राज्यातील हॉर्टन कंपनीकडे गेला.

रिळाची रचना

या रिळांचे बाह्यांग बहुधा जर्मन सिल्व्हरचे असे. नावात चांदी असली तरी हा तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू आहे. मुठीच्या आसावरील मोठे चाक फिरकीच्या आसावरील लहान चाकाला फिरवते. मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे साधारण चार फेरे होतात.

दुरुस्ती आणि सुटे भाग

मीक यांच्या रिळांचे स्क्रू व त्यांची छिद्रे यांवर जुळणारे क्रमांक आढळतात. स्क्रूचे आटे हाताने पाडलेले असल्याने एका छिद्राचा स्क्रू दुसऱ्यात नीट बसेलच असे नसते. चुकीचा स्क्रू बळाने पिळल्यास मूळ आटे झिजतात व ती हानी सहज भरून निघत नाही. म्हणून रीळ उघडताना प्रत्येक स्क्रू क्रमाने वेगळा ठेवतात.

हीच अडचण चाकांबाबत येते. एकाच आकाराच्या दोन रिळांची चाकेही परस्परांत अदलाबदल करण्याजोगी असतीलच असे नाही. त्यामुळे मोडलेल्या भागाच्या जागी त्याच रिळाच्या मापाने नवा भाग घडवावा लागतो. अनेकदा मात्र भाग बदलण्याची गरजच नसते. जुने तेल घट्ट होऊन फिरकी जड झालेली असते आणि स्वच्छ करून हलके तेल दिल्यास ती पुन्हा मोकळी फिरते. बाह्यांग अति घासल्यास त्यावर कोरलेले निर्मात्याचे नाव पुसट होते व रिळाची ओळख पटवणे कठीण जाते.

महत्त्व

कारखान्यातील रिळांमुळे एकसारखे सुटे भाग मिळू लागले आणि दुरुस्ती स्वस्त झाली. मीक यांच्या रिळांना ती सोय नव्हती. तरीही निर्मात्याने कोरून ठेवलेल्या क्रमांकांच्या आधारे आजचा कारागीर ती सुटी करून पुन्हा मूळ स्थितीत जोडू शकतो.