इंग्लंडच्या बागेत उताराला गुंडाळणारा लुटियन्स दिल्लीत मात्र चढावर हरला

'लुटियन्स दिल्ली' हा शब्द बातम्यांत सतत कानावर पडतो. पण एडविन लुटियन्सचं नाव दिल्लीच्या आधीच गाजलं होतं, इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या श्रीमंतांच्या घरांमुळं आणि बागांमुळं.

जन्म १८६९ चा, लंडनमधला. आजारपणामुळं धड शाळा झाली नाही. एडविन काच घेऊन हिंडायचा आणि समोर दिसणाऱ्या घराच्या रेषा साबणाच्या टोकदार तुकड्यानं काचेवरच ओढायचा. विशीत त्याची गाठ गर्ट्रूड जेकिल यांच्याशी पडली. बाई त्याच्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठ्या, नजर अधू, पण झाडांची जाण अफाट. दगडकाम त्याचं, लागवड बाईंची, अशी जोडी जमली.

या जोडीचं नावाजलेलं काम म्हणजे सॉमरसेटमधलं हेस्टरकोम्ब. काळ १९०४ ते १९०८. घर उतारावर. तिथं टेरेस म्हणजे गच्ची नव्हे, तर दगडी भिंतीनं माती अडवून केलेला सपाट टप्पा. लुटियन्सनं मधोमध मोठा चौक खोलगट ठेवला, दोन्ही बाजूंना उंच टेरेस बांधल्या आणि त्यांवरून हातभर रुंदीचे पाण्याचे पाट नेले. दगड बराचसा घरामागचाच.

खरी गंमत पूर्वेच्या कोपऱ्यात आहे. तिकडची जमीन घराच्या रेषेत नव्हती, तिरकी जात होती. दोन तिरक्या रेषा जुळवायच्या कशा? लुटियन्सनं सांध्यावर गोल अंगण बांधलं, मधे पाण्याचं कुंड. गोलाला कोपराच नसतो, त्यामुळं चालणारा कधी वळला हे त्याला कळतच नाही!

१९१२ मध्ये तो दिल्लीच्या कामावर आला. रायसीना टेकडीवर व्हाइसरॉयचं घर, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, त्याच्याकडं. पुढची दोन सचिवालयं जुना मित्र हर्बर्ट बेकरकडं. दोन्ही टेकडीवर, मधून चढाचा रस्ता. चढाच्या आराखड्याला लुटियन्सनं संमती दिली. पुढं लक्षात आलं की रस्त्यानं जवळ येताना चढच आड येतो आणि घर दिसेनासं होतं. जमिनीच्या पातळ्यांत मुरलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी, याचं आश्चर्यच वाटतं.

चढ पुन्हा कापा म्हणून त्यानं बरीच धडपड केली. खर्चापायी सरकारनं ऐकलं नाही. बेकरशी मैत्री तुटली ती तुटलीच.

१९४४ मध्ये लुटियन्स गेला. विजय चौकाजवळ आलं की राष्ट्रपती भवन आजही चढामागं दडतं.