पाठीवरचे घट्टे

करबलात (680) हजरत हुसैन शहीद झाले, तेव्हा त्यांचे पुत्र अली आजारी होऊन तंबूत पडले होते, म्हणूनच वाचले. प्रेषितांचे हे पणतू पुढे मदिनेत राहिले. अखंड इबादतीमुळे लोक त्यांना ‘जैनुल आबिदीन’ म्हणत. काहीजण मागे कंजूषही म्हणत. त्याच शहरात रात्री कुणीतरी तोंड झाकून गरिबांच्या दारात भाकरी-पिठाची पोती ठेवून जाई. ओझे वाहायला नोकर मिळाले असते, पण मग दान गुप्त कसले?

इमाम वारले. दफनापूर्वी गुस्ल घालताना पाठीवर ओझ्याचे काळे घट्टे दिसले. चरित्रकार सांगतात, रात्रीचे पीठ यायचे थांबले, तेव्हा कुठे मदिनेतल्या शंभरेक घरांना दाता कोण होता ते कळले.