डॉक्टर वू आणि कापडाची पट्टी

विद्यार्थी मित्रांनो, २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा तुम्ही लहान होता. बाहेर जाताना घरातील माणसे तुमच्या तोंडाला मास्क बांधत असतील आणि जीव गुदमरतो म्हणून तुम्ही तो हळूच हनुवटीवर ओढत असाल. मास्कने साथ आवरता येते, हे शंभर वर्षांपूर्वी दाखवून देणाऱ्या एका डॉक्टरांची ही गोष्ट आहे.

त्यांचे नाव वू लिएन-तेह. त्यांचा जन्म १० मार्च १८७९ रोजी पेनांग बेटावर झाला. हे बेट आज मलेशिया देशात आहे. त्यांचे वडील चीनमधून आलेले सोनार होते. वू हुशार होते. शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज येथे शिकून डॉक्टर झाले. पुढे ते चीनमधील एका लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात काम करू लागले.

१९१० च्या हिवाळ्यात चीनच्या मांचुरिया भागात भयंकर साथ पसरली. रोगी खोकत, त्यांच्या थुंकीतून रक्त पडे आणि थोड्याच दिवसांत ते मरत. सरकारने वू यांना हार्बिन शहरी पाठवले. तेव्हा ते अवघे ३१ वर्षांचे होते. तिथली भाषाही त्यांना नीट येत नव्हती.

एका मृत स्त्रीच्या शरीराची त्यांनी तपासणी केली. तिच्या फुप्फुसांत प्लेगचे जंतू सापडले. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे होतो, असे त्या काळचे डॉक्टर मानत. आपल्या मुंबईत १८९६ साली आलेला प्लेग तसाच पसरला होता. पण हा प्लेग खोकल्याच्या तुषारांतून माणसाकडून माणसाकडे जात आहे, हे वू यांनी ओळखले.

मग त्यांनी एक साधा उपाय केला. जाळीदार कापडाच्या थरांमध्ये कापूस ठेवून त्यांनी पट्टी बनवली. ती नाकातोंडावर ठेवून डोक्यामागे बांधायची. तुम्ही विचाराल, अशा जाड पट्टीतून श्वास कसा घेता येईल? हवेतील प्राणवायूचे कण अतिशय सूक्ष्म असतात. ते कापडातून सहज आतबाहेर जातात. खोकल्याचे तुषार मात्र त्यांच्यापेक्षा खूप मोठे असतात. ते बरेचसे कापडात अडकतात. पट्टीमुळे तोंडाला उष्णता जाणवते, श्वास थोडा जड वाटतो. पण निरोगी माणसाच्या फुप्फुसांना त्यामुळे इजा होत नाही.

सर्वांना हे पटले नाही. एक अनुभवी फ्रेंच डॉक्टर हार्बिनला आले होते. तरुण वू यांचे म्हणणे त्यांनी उडवून लावले आणि पट्टी न बांधताच रोग्यांना तपासले. काही दिवसांतच, जानेवारी १९११ मध्ये, त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर शहरात पट्टीचा वापर खूप वाढला.

आणखी एक कठीण प्रश्न होता. तिथे मृतांना दफन करण्याची रीत होती. पण थंडीने जमीन दगडासारखी गोठली होती. कबरी खोदता येत नव्हत्या. दोन हजारांहून अधिक मृतदेह उघड्यावर पडून होते. नाइलाजाने वू यांनी बादशाही परवानगी मागितली आणि ते जाळण्यात आले. जिवंत माणसांना वाचवण्यासाठी हा जड निर्णय त्यांना घ्यावा लागला. संशयित रोग्यांना रेल्वेच्या डब्यांत वेगळे ठेवण्यात आले. मार्च १९११ मध्ये हार्बिनमधील साथ संपली. तोपर्यंत मांचुरियात सुमारे ६०,००० माणसे मेली होती.

१९३७ साली वू मायदेशी परतले आणि साधे डॉक्टर म्हणून रोग्यांची सेवा करू लागले. २१ जानेवारी १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, खरी गोष्ट लहान माणसाने सांगितली तरी ती ऐकावी. आणि खोकला झाला तर तोंड जरूर झाकावे. आपला श्वास दुसऱ्याच्या जिवावर बेतू नये, एवढी काळजी तर आपण घेऊच शकतो.