एका पंगतीची शाळा : कर्मवीर भाऊराव पाटील

फेब्रुवारी-मार्च उजाडला की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या अनेक शाळांत हजेरी उतरू लागते. मजूर कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. मोहफुलांचा हंगाम आला की पहाटेच जंगल गाठावे लागते. घरी सांभाळायला कोणी नसेल तर लेकरूही आईबापासोबत जाते. मागे राहिलेल्या कितीतरी मुलांना शाळेतल्या दुपारच्या जेवणाचाच भरवसा असतो. म्हणून पोषण आहाराचा प्रश्न हा शिक्षणाचाच प्रश्न आहे, असे आम्ही मानतो. ही गोष्ट ओळखून ज्यांनी उभे आयुष्य खर्ची घातले, ते कर्मवीर भाऊराव पाटील आपल्या भागातल्या तरुणांना पाठ्यपुस्तकातल्या एका धड्यापुरतेच ठाऊक असतात. त्यांचे काम पश्चिम महाराष्ट्रातले होते, पण त्यांनी हाताळलेला प्रश्न आपल्या दारातला आहे.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातल्या कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी अस्पृश्यांना विहिरीवर पाणी नाकारलेले पाहून त्यांनी त्या विहिरीचा रहाटच मोडला, अशी आठवण आजही सांगितली जाते. पुढे ते शिक्षणासाठी कोल्हापूरला आले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. १९०८ मध्ये तिथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर त्यांना आंघोळ करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगातली जागा गमावली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. भाऊराव परीक्षेत फारसे चमकले नाहीत, पण जातवार वसतिगृहांच्या त्या शहरात ते एक गोष्ट शिकले. मुलगा कुठे राहतो, काय खातो आणि कोणाशेजारी बसून खातो, यावर त्याचे शिकणे ठरते.

१९१० मध्ये दुधगाव येथे सहकाऱ्यांसोबत त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. पैसा नव्हता, म्हणून मुष्टिफंड उभा राहिला. घराघरांत रोज मूठभर धान्य बाजूला काढले जाई आणि ते मुलांच्या जेवणासाठी गोळा होई. पुढे पोटासाठी भाऊरावांनी किर्लोस्करांचे नांगर विकले. त्या फिरतीत त्यांनी खेडी पाहिली. शाळा असूनही शेतमजुराचे पोर शाळेत का टिकत नाही, हे त्यांना तिथे दिसले. सत्यशोधक चळवळीचे संस्कार होतेच. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले.

सातारा हे नाव आपल्याला वेगळ्या कारणानेही ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालभीमाचे नाव तिथल्या शाळेत दाखल झाले. त्याला बसायला वेगळे गोणपाट होते आणि पाण्याच्या भांड्याला हात लावायची मुभा नव्हती. त्याच साताऱ्यात अवघ्या २४ वर्षांनी महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशा घरांतली मुले एका चुलीवर रांधू लागली आणि एका पंगतीत जेवू लागली. स्वयंपाक, भांडी, झाडलोट ही कामे मुलेच पाळीने करत. जातीवरून काम वाटले जात नव्हते. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या पंगतीची खरी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. भाऊरावांच्या या पत्नी सोवळे-ओवळे पाळणाऱ्या वातावरणात वाढल्या होत्या. पण वसतिगृहातल्या मुलांना त्यांनी पोटच्या लेकरांसारखे सांभाळले. धान्य संपले की त्यांचा एकेक दागिना जाई. शेवटी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही मोडावे लागले. १९३० मध्ये त्या गेल्या. कर्मवीरांच्या जयंतीला त्यांचे नाव शेवटच्या ओळीत येते, ते पहिल्या ओळीत यायला हवे, असे आम्हाला वाटते.

भाऊराव लोकांकडून मूठभर धान्य घेत, पण सरकारची जबाबदारी त्यांनी कधी माफ केली नाही. १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाचेच वांधे झाले. अण्णा मागे हटले नाहीत. जनतेने साथ दिली, गाडगेबाबांनी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. ९ मे १९५९ रोजी अण्णांचे निधन झाले, तेव्हा संस्थेची ३८ वसतिगृहे होती.

पुढे हा विचार सरकारी योजनेत आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना सुरू झाली. तेव्हा आपल्याकडे मुलांच्या हाती महिन्याला ३ किलो तांदूळ पडत, आणि ते घरच्या डब्यात जात. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेले अन्न मिळू लागले. आज पहिली ते पाचवीसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असा निकष आहे. ताटात नुसता भात आणि पातळ वरण असेल तर उष्मांक भरतात, प्रथिने भरत नाहीत. म्हणूनच नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आम्हाला समाधान वाटले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबला आणि अंडे हवे असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. एटापल्ली, भामरागड किंवा जिवतीच्या पाड्यावर लोकसहभाग कोणाकडून मागायचा? जिथे गरज सर्वांत मोठी, तिथेच देणारा हात सर्वांत रिकामा असतो. मुष्टिफंडाचा दाखला देऊन सरकारला हात झटकता येणार नाहीत.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या मातीतल्या तरुणांनी कर्मवीरांच्या प्रतिमेला हार घालून थांबू नये. आपल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या बैठकीला पालकांना घेऊन जा. धान्य कधी आले, किती आले, ताटात काय पडले, हे विचारा. मिरची तोडणीच्या काळात कोणती मुले गैरहजर आहेत, याची यादी करा आणि हंगामी वसतिगृहाची मागणी लेखी द्या. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना मानधन वेळेवर मिळते का, ते पाहा. आणि दुपारी एकदा शाळेत जाऊन पंगत पाहून या. कोण कोणाशेजारी बसले आहे, कोणाच्या हातचे खायला कोणी नाक मुरडते आहे का, हे तिथेच कळते. तसे दिसले तर गप्प बसू नका.

जय भीम!