कुंपणातली शिकार

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला टेडी बेअर आधी भेटला आणि ज्यांच्यामुळे त्याला ते नाव मिळालं ते थिओडोर रूझवेल्ट बऱ्याच उशिरा. (दुसऱ्या महायुद्धातले ते फ्रँकलिन रूझवेल्ट, हे त्यांच्या भाऊबंदांपैकी, पण आधीचे.) सिव्हिलवाल्यांना हे पनामा कालव्यामुळे माहीत असतील. पण मित्रांनो, मला इथे कालव्याबद्दल नाही, डुकरांबद्दल लिहायचं आहे. हसू नका!

थिओडोरचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ चा, न्यूयॉर्कमधल्या श्रीमंत घरातला. दमा इतका, की रात्री उशांना टेकून बसून झोपावं लागे. पक्षी, प्राणी जमवायचे आणि त्यांच्यात पेंढा भरायचा हा नाद. तेराव्या वर्षाच्या सुमारास हातात बंदूक आली, तेव्हा मित्रांना दिसणारं सावज याला दिसेचना. डोळे अधू आहेत हे तेव्हा कळलं. चष्मा लागला आणि मग या मुलाला जग दिसलं.

१८८३ मध्ये तो बायसन, म्हणजे तिकडचे रानगवे, मारायला डाकोटात गेला. पुढच्याच वर्षी १४ फेब्रुवारीला एकाच दिवशी, एकाच घरात त्याची आई आणि बायको दोघी गेल्या. मुलगी दोन दिवसांची होती. तिला बहिणीकडे सोपवून तो डाकोटात गुरं पाळायला निघून गेला. तिथल्या कुरणांना तेव्हा कुंपणं नव्हती, गुरं मोकळी चरत. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात त्याची अर्ध्याहून जास्त गुरं मेली. पैसा बुडाला, पण जिथे बायसनचे प्रचंड कळप होते तिथे आता काहीच उरलेलं नाही, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. १८८७ च्या अखेरीस त्याने शिकाऱ्यांचा एक क्लब काढला, बून अँड क्रॉकेट. सापळा लावून मारायचं नाही, पोहणाऱ्या जनावराला मारायचं नाही, बर्फात रुतलेल्याला मारायचं नाही. थोडक्यात, जनावराला निसटायची संधी हवी.

आता डुकरं. एप्रिल १८९२ मध्ये रूझवेल्ट टेक्सासात युव्हाल्डी गावाजवळच्या रँचवर गेले. (आता वॉशिंग्टनमधले सरकारी अधिकारी होते, म्हणून अहो-जाहो!) ग्रिझली अस्वलं मारलेला हा माणूस या शिकारीत मात्र अगदी नवखा होता. सावज होतं पेकरी. दिसायला रानडुकरासारखं, पण शास्त्रज्ञ त्याला खऱ्या डुकरांच्या कुळात धरत नाहीत. आकाराने लहान, पण दात सुऱ्यासारखे, आणि कोंडीत सापडलं की कडाकडा दात वाजवत अंगावर येणारं. फ्रिओ नदीकाठी काहीच मिळालं नाही. कारण ऐकून मला धक्का बसला. १८८६ च्या सुमारास पेकरीच्या कातड्याला अर्धा डॉलर भाव आला, आणि पाच-सहा वर्षांत भागच्या भाग रिकामे झाले! मग तीसेक मैलांवर न्युएसेस नदीकडे जाऊन, कुत्रे सोडून, घोडे दौडवत त्यांनी दोन पेकरी मारले. काटेरी झुडपांचं ते रान होतं, शिकाऱ्याच्या बाजूचं फारसं काही नव्हतं. ही शिकार त्यांच्या नियमात बसणारी होती असं मला वाटतं.

पण दुसरं डुक्कर तसं नाही. सप्टेंबर १९०१ मध्ये मॅकिन्लींचा खून झाला आणि बेचाळिसाव्या वर्षी रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. ऑगस्ट १९०२ मध्ये दौऱ्यावर असताना ते न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्बिन पार्कमध्ये गेले. ऑस्टिन कॉर्बिन या रेल्वेच्या धनाढ्य मालकाने वीस हजारांहून जास्त एकर जंगलाला तारेचं कुंपण घालून आत युरोपातून आणलेली रानडुकरं सोडली होती. तिथे राष्ट्राध्यक्षांनी एक डुक्कर मारलं.

आणि नोव्हेंबरात, तीनच महिन्यांनी, मिसिसिपीत ती प्रसिद्ध गोष्ट घडली. हॉल्ट कॉलियर या वाटाड्याने, जो जन्माने गुलाम होता, दमलेलं जखमी अस्वल झाडाला बांधून ठेवलं आणि रूझवेल्टना बोलावलं. त्यांनी गोळी झाडायला साफ नकार दिला. (अस्वल सुटलं नाही बरं का, त्याचे हाल संपवायला सांगितलं आणि सुरीने मारलं गेलं. दुकानदार हे सांगत नाहीत.) बेरीमन यांचं व्यंगचित्र वॉशिंग्टन पोस्टमध्ये आलं, ब्रुकलिनच्या एका दुकानात अस्वलाचं खेळणं आलं. डुकराचं खेळणं काही निघालं नाही.

आता सांगा, बांधलेलं अस्वल आणि कुंपणातलं डुक्कर यात फरक किती? दोरीची लांबी! वीस हजार एकर म्हणजे ऐंशी चौरस किलोमीटर, तेवढ्यात डुक्कर आरामात लपू शकतं हे मान्य. पण बाहेर जाऊ शकत नाही हे शिकाऱ्याला आधीच माहीत असतं. रूझवेल्ट मला आवडतात, तरी ऑगस्टचा तो दिवस मला खटकतो. त्यांच्याच क्लबने पुढे ठरवलं, की निसटता येणार नाही अशा कुंपणातलं जनावर विक्रमात धरायचं नाही.

गंमत अशी, की त्याच कुंपणाने बायसनही वाचवले. कॉर्बिनने तिथे त्यांचा कळप पाळला होता. तो पाहून बेन्स नावाच्या निसर्गप्रेमीने खटपट केली, १९०५ मध्ये अमेरिकन बायसन सोसायटी निघाली आणि रूझवेल्ट तिचे मानद अध्यक्ष झाले. तारेची एकच जाळी, पण डुकराला पिंजरा आणि गव्याला आसरा. इंजिनिअरिंगच्या कुठल्या पेपरात याचं उत्तर लिहायचं?

राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी सुमारे तेवीस कोटी एकर जमीन राखीव केली. १९०९-१० मध्ये आफ्रिकेत जाऊन मुलासह पाचशेच्या वर जनावरंही मारली, संग्रहालयासाठी म्हणून. ६ जानेवारी १९१९ ला ऑयस्टर बे इथे झोपेतच गेले.

कॉर्बिन पार्कचं कुंपण त्यांच्यानंतर एकोणीस वर्षं टिकलं. १९३८ च्या चक्रीवादळात त्याच्यावर झाडं कोसळली आणि बरीच डुकरं बाहेर पळाली.