बाबूराव पेंटर : कोल्हापूरच्या कलाजीवनातील एक पर्व

मराठी रंगभूमीच्या इतिहासात नाटककार, नट आणि गायक यांची चरित्रे विपुल आहेत. पडदे रंगविणाऱ्यांची मात्र जवळजवळ नाहीत. संगीत नाटकाच्या वैभवकाळात पडदा वर गेल्याबरोबर प्रेक्षकांकडून जी पहिली दाद मिळे, ती पुष्कळदा नटाला नसून राजवाड्याच्या कमानीला किंवा अरण्यातील वाटेला असे. ही दाद ज्यांनी मिळविली त्यांत कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधुद्वयाचे स्थान अग्रभागी आहे. त्यांपैकी धाकटे बाबूराव पुढे चित्रपटनिर्माते म्हणून ख्यातनाम झाले. पण त्यांच्या चित्रपटाचे मूळ रंगभूमीच्या पडद्यात आहे, ही गोष्ट त्यांच्या चरित्राचा विचार करताना नजरेआड होता कामा नये.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे होते. सुतारकाम, लोहारकाम आणि मूर्तिकाम ही वडिलांच्या हातची विद्या, आणि तीच मुलाची खरी शाळा. कलाशाळेची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. चुलतबंधू आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी ब्रश हाती घेतला आणि १९१० ते १९१६ या काळात केशवराव भोसले यांच्या ‘ललितकलादर्श’सारख्या नाटकमंडळ्यांसाठी आणि गुजराती-पारशी रंगभूमीसाठीही पडदे रंगविले. ‘मेस्त्री’ हे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हेच नाव रूढ झाले, यात लोकांनी दिलेली पावती आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रकाशित झाल्यानंतर या दोघांना हलत्या चित्रांनी झपाटले. प्रथम त्यांनी चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय केला. परंतु दुसऱ्याची चित्रे दाखविण्यात समाधान मानणारी ही माणसे नव्हती. स्वतःचा कॅमेरा बनविण्याची खटपट आनंदरावांनी सुरू केली आणि ती अर्ध्यावर असतानाच १९१६ साली त्यांचे निधन झाले. बाबूरावांच्या आयुष्यातील हा निर्णायक आघात होय. त्यांनी ते काम सोडले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून त्यांनी चालू कॅमेरा सिद्ध केला. कोल्हापुरात घडविलेल्या या यंत्रामागे पुस्तकी यंत्रशास्त्रापेक्षा मेस्त्री घराण्याचा हात अधिक होता.

‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ची स्थापना १९१७ च्या अखेरीची. तिच्या भांडवलाचा विचार करताना एक नाव आदराने घ्यावे लागते, ते गायिका तानीबाई कागलकर यांचे. सावकार आणि व्यापारी ज्या धंद्याकडे संशयाने पाहत होते, त्यात एका गायिकेने आपली मिळकत घातली. छत्रपती शाहू महाराजांच्या कलाश्रयामुळे करवीरनगरीत गायक, मल्ल, नट आणि चित्रकार यांना जी प्रतिष्ठा होती, तिच्याशिवाय हे घडते ना. तरीही अडचणी होत्याच. ‘सीता स्वयंवर’ हा पहिला संकल्प स्त्रीभूमिकेसाठी स्त्रिया न मिळाल्याने बारगळला. पुढे गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी धैर्याने पुढे आल्या आणि कमलादेवी व सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर झळकल्या.

‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रगृहात प्रदर्शित झाला. कथानकाची निवड लक्षणीय आहे. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. त्यामुळे कीचक हा मराठी प्रेक्षकांच्या लेखी केवळ महाभारतातला राहिला नव्हता. बाबूरावांनी त्याचा वध इतक्या प्रत्ययकारी रीतीने दाखविला, की ते दृश्य सरकारी आक्षेपामुळे कापावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. नाटकाच्या वाटेने जे बोलता येईनासे झाले होते, ते मूकपटाने दहा वर्षांनी पुन्हा दाखविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

साहित्याशी त्यांचे नाते पुढेही टिकून राहिले. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून त्यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला आणि त्यात कृत्रिम प्रकाशाचा वापर करून रात्रीचे प्रसंग साधले. चित्रीकरणापूर्वी वेशभूषा आणि देखावे यांची रेखाटने स्वतः करावयाची, हा त्यांचा परिपाठ होता. चित्रपटाची भित्तिपत्रके ते स्वहस्ते रंगवीत, आणि कथासार व छायाचित्रे असलेली माहितीपुस्तिका काढण्याची प्रथाही त्यांनी पाडली. जाहिरात हीदेखील चित्रकाराचीच कामगिरी आहे, अशी त्यांची धारणा दिसते.

१९२५ चा ‘सावकारी पाश’ हा त्यांच्या कर्तृत्वाचा कळस. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेल्या या मूकपटात जमीन गमावून शहरातील गिरणीत जाणारा शेतकरी शांताराम यांनी रंगविला. देवदेवतांच्या आणि ऐतिहासिक वीरांच्या गर्दीत कर्जबाजारी कुणबी नायक म्हणून उभा करणे हे धाडस होते. प्रेक्षकांनी त्याला साथ दिली नाही. कंपनीला पुन्हा पौराणिक कथानकांकडे वळावे लागले. (कंपनीचा प्रपंचही दुसऱ्यांच्या पैशावर चालत होता, हा योगायोग बोचरा आहे.) तथापि बाबूरावांनी हा विषय मनातून काढला नाही, १९३६ साली त्यांनी तोच चित्रपट बोलपट म्हणून पुन्हा काढला.

त्यांचा दोषही येथेच सांगितला पाहिजे. मनासारखे होईपर्यंत काम हातावेगळे न करण्याची त्यांची वृत्ती कलावंताला शोभणारी असली, तरी ती पगार, तारखा आणि भागीदार यांच्या गणितात बसणारी नव्हती. तयार झालेल्या शिष्यांना स्वतंत्र वाव देण्यातही त्यांचा हात आखडता होता, असे म्हणावे लागते. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे १९२९ साली बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या भांडवलावर त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ची स्थापना केली. गुरूची कंपनी त्यानंतर फार काळ तग धरू शकली नाही. ‘प्रभात’ १९३३ साली पुण्यास गेली. पण चित्रपटधंद्याने कोल्हापूर सोडले नाही. कोल्हापूर सिनेटोन, शालिनी सिनेटोन आणि जयप्रभा या संस्थांना सुतार, रंगारी, शिंपी आणि छायाचित्रकार गावातच मिळाले, कारण ते घडविण्याचे काम आधी झालेले होते.

शालिनी सिनेटोनसाठी बाबूरावांनी १९३५ साली ‘उषा’ दिग्दर्शित केला. बोलपटाच्या युगात मात्र ते पूर्वीइतके रमले नाहीत. शांतारामांच्या ‘राजकमल’साठी त्यांनी हाती घेतलेला ‘लोकशाहीर राम जोशी’ १९४७ साली पडद्यावर आला, तो गुरू आणि शिष्य अशा दोघांच्या दिग्दर्शनाने. एकेकाळी ज्याला आपल्या कंपनीत पडेल ते काम करावे लागे, तोच आता निर्माता होता.

चित्रकला आणि मूर्तिकला यांचा हात त्यांनी कधीच सोडला नव्हता. कोल्हापूरच्या शिवाजी चौकातील शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांनीच घडविला. आबालाल रहिमान यांच्यापासून चालत आलेली कोल्हापूरची चित्रपरंपरा बाबा गजबर आणि माधवराव बागल यांच्या पिढीपर्यंत पोहोचली, तिच्यात बाबूरावांचा वाटा मोठा आहे. पुत्र रवींद्र मेस्त्री हेही चित्रकार आणि शिल्पकार म्हणून नावारूपास आले. त्यांनी घराण्याचे मूळ आडनाव लावले. बाबूरावांचे निधन १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात झाले. आधीच्याच वर्षी त्यांचा ‘महाजन’ प्रदर्शित झाला होता.